यंत्रापूर्वीचा अभ्यास

विद्यापीठात संगणकाचा अभ्यास करणारा विद्यार्थी म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : पडद्यासमोर एकटा बसलेला, भराभर कळा दाबणारा, आज्ञावलीच्या ओळींमागून ओळी लिहिणारा एक तरुण. हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. पण ते अपुरे आहे. या अपुरेपणामुळे कितीतरी विद्यार्थी या विषयाकडे चुकीच्या अपेक्षेने वळतात, आणि ज्यांना तो खरोखर साधला असता असे कितीतरी विद्यार्थी त्यापासून दूर राहतात. अभ्यासपत्रिकेत ज्यांना ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ व ‘प्रणाली-विश्लेषण’ अशी भारदस्त नावे असतात, त्या विषयांचा आरंभ पडद्यापाशी होत नाही. तो होतो एखाद्या कचेरीच्या मेजापाशी, दुकानाच्या गल्ल्यापाशी, इस्पितळाच्या दाराशी. जेथे माणसे काही काम करीत असतात आणि ते काम यंत्राकडे सोपवावे असे कोणाच्या तरी मनात आलेले असते, तेथे.

या दोन नावांचा अर्थ प्रथम स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. पुष्कळ माणसे, त्यांचे नियम, त्यांचे कागदपत्र आणि त्यांची साधने यांचा एका हेतूने जुळून आलेला जो मेळ, त्याला प्रणाली म्हणतात. टपाल कचेरी ही एक प्रणाली, गावचे दूध-संकलन केंद्र ही दुसरी. या मेळातील कोणते काम कोण करतो, कशाच्या आधारे करतो, ते अडले तर कोणाकडे जातो आणि त्याचा लाभ अखेर कोणाला होतो, हे उलगडून पाहणे म्हणजे प्रणाली-विश्लेषण. ही उकल झाल्यावर तिच्या पायावर, अनेक हातांनी मिळून, ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात, लोकांना निर्धास्तपणे विसंबता येईल असे सॉफ्टवेअर उभारणे आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची निगा राखणे म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. घर बांधायचे तर कुटुंबात माणसे किती, वडीलधाऱ्यांना जिना चढवतो की नाही, देवघर कोठे हवे, हे विचारूनच नकाशा काढला जातो; विटा त्यानंतर येतात. येथेही तोच क्रम आहे.

या विचाराचा एक ठळक उगम प्रयोगशाळेत न सापडता चहाच्या दुकानांत सापडतो, हे ऐकून नवल वाटेल. जे. लायन्स आणि कंपनी ही इंग्लंडमधील खाद्यपदार्थांची एक मोठी पेढी. तिची चहापानगृहे ठिकठिकाणी होती आणि पाव, केक वगैरे ताजा माल त्यांना रोज पुरवावा लागे. अशा असंख्य लहान व्यवहारांचे हिशेब कारकुनांकरवी ठेवणे फार खर्चाचे काम होते. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. त्याच्या धर्तीवर या पेढीने स्वतःसाठीच एक संगणक बांधवून घेतला. त्याचे नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाच्या मूल्याचा हिशेब लिओवर नियमित होऊ लागला. व्यापारी कचेरीचे नित्याचे काम संगणकाने करण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो.

तथापि लिओचे यश केवळ यंत्रातील नव्हते. कामाच्या पद्धती तपासून त्या सुधारण्यासाठी या पेढीत १९३० च्या दशकापासूनच एक स्वतंत्र शाखा होती. जुन्या पद्धतीची नुसती नक्कल यंत्राकडून करवून घ्यावयाची नाही, हे भान तेथील माणसांना होते. प्रणाली-विश्लेषकांच्या पहिल्या पिढीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते डेव्हिड कॅमिनर याच पेढीतले. पुढे १९५४ च्या सुमारास चहापानगृहांच्या रोजच्या मागणीचे काम लिओकडे आले, तेव्हा या माणसांनी एक साधी गोष्ट हेरली : दुकानाची मागणी रोज नव्याने ठरत नाही. सोमवारची मागणी बहुधा मागच्या सोमवारसारखीच असते. म्हणून प्रत्येक वाराची एक कायम मागणी यंत्राला सांगून ठेवण्यात आली आणि दुकानाच्या व्यवस्थापिकेने फक्त त्यातील फेरबदल दूरध्वनीने कळवावेत असे ठरले. यंत्राचे काम हलके झाले आणि त्या बाईंचेही. हा शोध गणिताच्या पुस्तकातून निघणारा नव्हता. दुकान कसे चालते हे पाहणाऱ्यालाच तो लागण्यासारखा होता.

पुढील दहा-पंधरा वर्षांत संगणकांची शक्ती झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर माणसांची हावही वाढली. मोठमोठी कामे हाती घेतली जाऊ लागली. पण ती वेळेवर पुरी होईनात, झाली तर त्यांचा खर्च अंदाजाबाहेर जाई, आणि हाती आलेल्या वस्तूत दोष निघत. हे दुखणे इतके वाढले की ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी अकरा देशांतील पन्नासांहून अधिक तज्ज्ञ केवळ याच प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. पूल बांधणाऱ्या अभियंत्याजवळ जी शिस्त, जी मोजमापे आणि जी जबाबदारीची जाणीव असते, ती सॉफ्टवेअर लिहिणाराजवळ का असू नये, हा प्रश्न त्या परिषदेच्या नावातच होता. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग त्या काळी डिवचण्यासारखा वाटे; आज तो विद्यापीठांच्या पदव्यांवर आहे.

या दुखण्याचे सर्वांत प्रांजळ निदान फ्रेड ब्रूक्स यांनी केले. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड संगणक-प्रकल्पाचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते अध्यापक झाले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे नेमली की ते काम अधिकच रखडते. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो, आणि जितकी माणसे अधिक तितका परस्परांना सांगण्या-ऐकण्याचा व्याप अधिक. बारभाईंच्या शेतीचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला हे पटायला अवघड जाऊ नये.

आपल्या देशात या विद्येचे महत्त्व सामान्य माणसाला प्रथम जाणवले ते रेल्वेच्या खिडकीपाशी. १९८५ पूर्वी आरक्षणाच्या नोंदी हाताने भरलेल्या वह्यांत असत आणि ज्या गाडीची वही ज्या खिडकीवर, तिचेच तिकीट तेथे मिळे. परतीच्या वा पुढच्या प्रवासाचे आरक्षण दुसऱ्या शहरातून हवे असल्यास तार करावी लागे व उत्तराची वाट पाहावी लागे. १९८५ साली नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला. त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या सीएमसी या कंपनीने ही व्यवस्था तयार केली होती. वरवर पाहता काम सोपे : जागा रिकामी असेल तर द्यावी, नसेल तर नाही म्हणावे. पण स्त्रियांचा राखीव वाटा, सैनिकांचा वाटा, मधल्या स्थानकांचा वाटा, प्रतीक्षायादी, बसण्यापुरती मिळणारी जागा, रद्द झालेल्या तिकिटाचा परतावा, नाना प्रकारच्या सवलती, ही सगळी गुंतागुंत अनुभवी कारकुनांच्या बोटांवर होती. ती त्यांच्याकडून समजावून घेऊन नियमांच्या रूपात मांडणे, हाच त्या कामाचा गाभा. पुढे १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. बडोद्यास वा इंदुरास नांदणाऱ्या मराठी कुटुंबाला नागपूरहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट घरच्या गावी मिळू लागले, त्यामागे कारकुनाच्या शहाणपणाची ही नोंद होती.

अशी कामे करणारी माणसे विद्यापीठांनी घडवावीत, हा विचार याच सुमारास रुजला. कानपूरच्या आयआयटीमध्ये १९६३ साली संगणक आला आणि तेथे संगणकशिक्षणाचा पाया घातला गेला. त्या संस्थेतील प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एमसीए ही पदव्युत्तर पदवी सुरू झाली. गणिताची बैठक असलेल्या, पण अभियांत्रिकीला न गेलेल्या पदवीधरांना हा मार्ग खुला होता. यंत्र कसे बनवावे यापेक्षा संस्थांच्या कामासाठी ते कसे योजावे, यावर त्या अभ्यासक्रमाचा भर होता. म्हणूनच प्रणाली-विश्लेषणाला त्यात मानाचे स्थान मिळाले आणि प्रत्यक्ष उद्योगात राहून करावयाच्या प्रकल्पालाही. लहान गावांतील महाविद्यालयांतून शास्त्र शाखेची पदवी घेतलेल्या कित्येक मुलामुलींना या पदवीने नवे क्षेत्र उघडून दिले. प्रारंभी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२० पासून दोन वर्षांचा झाला आहे.

वर्गात हा विषय शिकवताना पुष्कळदा वाचनालयाचे उदाहरण घेतात. विद्यार्थ्यांना ते फार सोपे वाटते : पुस्तके आहेत, सभासद आहेत, देवघेव आहे. पहिल्याच आराखड्यात ते ‘पुस्तक’ अशी एक नोंद करतात आणि मोकळे होतात. मग अध्यापक विचारतात, एकाच कादंबरीच्या चार प्रती असतील, तर पुस्तक एक की चार? वाचक मागतो ती कादंबरी. पण हरवते, फाटते, घरी जाते ती प्रत. या दोहोंतला भेद आरंभी ध्यानात आला नाही, तर पुढे वाचनालयाचा सगळा हिशेब चुकत जातो. त्याहूनही सूक्ष्म गोष्ट वाचनालयात जाऊन बसल्यावर कळते. नियमपुस्तिकेत मासिके किती दिवस ठेवावीत हे छापलेले असते. पण दिवाळी अंकांची निराळी वर्गणी, अनामत रक्कम न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी मुभा, परीक्षेच्या दिवसांत ग्रंथपालाने मुद्दाम आत ठेवलेली एक प्रत, यांचा उल्लेख कोठेच नसतो. ‘तुमचे काम कसे चालते?’ असे विचारल्यास ग्रंथपाल नियम सांगतो. ‘काल काय घडले?’ असे विचारल्यास तो अपवाद सांगतो. प्रश्न कसा विचारावा, गप्प केव्हा बसावे, ऐकलेले टिपून पुन्हा त्या माणसाला वाचून दाखवून त्याची खात्री कशी करून घ्यावी, हे सर्व या विद्येत शिकवण्यासारखे असते, आणि शिकावेही लागते.

एकदा विचारले म्हणजे सर्व कळले, असेही नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात सॉफ्टवेअरच्या कामाच्या पायऱ्या एकाखाली एक काढून दाखवल्या : आधी गरजा, मग विश्लेषण, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी. पुढे अनेकांनी ती आकृती उचलली आणि पायऱ्या सरळ उतरत जाणे हीच आदर्श पद्धत मानली. वस्तुतः अशा सरळ उतरण्यात धोका आहे, हा इशारा त्याच निबंधात होता. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जाणत्या व्यावसायिकांनी एक छोटेखानी जाहीरनामा काढला. थोडे करावे, वापरणाऱ्याला दाखवावे, त्याचे म्हणणे ऐकून पुढे जावे, असा त्याचा रोख होता. नावे बदलली, पद्धती बदलल्या. माणसाकडे पुन्हा पुन्हा परत जाण्याची गरज मात्र टिकून राहिली.

ही गरज डावलली की काय होते, याचा धडा पुन्हा लंडननेच दिला आहे, आणि तो अनेक विद्यापीठांत शिकवला जातो. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेकडे दररोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. आलेली माहिती कागदावर टिपली जाई, नकाशात जागा शोधली जाई, ते कागद सरकत्या पट्ट्यावरून एकत्र येत आणि अनुभवी माणसे कोणती गाडी कोठे धाडावी हे ठरवीत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे काम एका नव्या संगणक-व्यवस्थेकडे एकाच दिवशी सोपवण्यात आले. प्रत्येक गाडी कोठे आहे हे यंत्राला सदैव अचूक कळत राहील, असे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात घाईत असलेले कर्मचारी कळा मागेपुढे दाबीत. काही भागांत बिनतारी संदेश पोहोचतच नसे. यंत्राच्या मनातले लंडन आणि खरे लंडन यांत अंतर पडत गेले. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या. दुसऱ्या ठिकाणी एकही पोहोचेना. वाट पाहून लोक पुन्हा दूरध्वनी करीत, त्यामुळे कामाचा ढीग वाढे, आणि धोक्याच्या सूचना पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा होत. कित्येक रुग्णांना मदत फार उशिरा मिळाली. दुसऱ्या दिवशी काही अंशी जुन्या पद्धतीचा आश्रय घ्यावा लागला.

पुढे ४ नोव्हेंबरला ती व्यवस्था पुरतीच बंद पडली. या वेळी कारण निराळे होते. काही दिवसांपूर्वी केलेल्या दुरुस्तीत आज्ञावलीचा एक लहानसा तुकडा चुकून तसाच राहिला होता. तो यंत्राच्या स्मृतीतील जागा अडवी आणि परत मोकळी करीत नसे. थेंबाथेंबाने रांजण भरावा तशी ती स्मृती भरली. पहिला अनर्थ विश्लेषणातील उणिवेचा होता, दुसरा अभियांत्रिकीतील. १९९३ च्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की, वेळापत्रक अशक्य होते आणि ज्यांनी ती व्यवस्था वापरावयाची त्यांना तिच्या घडणीत पुरेसे विश्वासात घेतले गेले नव्हते. समाधानाची गोष्ट अशी की, त्याच संस्थेने १९९६ मध्ये नवी व्यवस्था आणली. ती टप्प्याटप्प्याने, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन उभारली होती, आणि ती चालली. शहर तेच, काम तेच, संकटकाळची घाईही तीच. ऐकून घेण्याची रीत तेवढी पालटली होती.

कामातील कोणती गोष्ट बदलावी आणि कोणती राखावी, याचा विवेक हा तर या अभ्यासाचा सर्वांत कठीण भाग. महाराष्ट्रातील सात-बाराच्या उताऱ्याचे उदाहरण घ्यावे. गाव नमुना सात हा जमिनीवरील अधिकाराचा, बारा हा पिकांचा. आणि अधिकारातील बदलाची नोंद नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. संगणकावर ही कागदपत्रे आणताना एखाद्या नवशिक्याला वाटेल की, एक नाव खोडून दुसरे लिहिण्याचे काम क्षणार्धात व्हावे. त्याला दिवस कशाला लागावेत? पण फेरफार नोंदल्यावर संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. मुंबईस नोकरी करणाऱ्या भावाला किंवा सासरी गेलेल्या बहिणीला आपल्या वाट्याविषयी बोलण्याची संधी त्या मुदतीत असते. टेबलावर कागद पडून राहिल्याने होणारा विलंब आणि दुबळ्याच्या रक्षणासाठी कायद्याने ठेवलेला विलंब, हे दोन्ही घड्याळावर सारखेच दिसतात. पहिला नाहीसा करावा आणि दुसरा जपावा, हे ज्याला कळते तो विश्लेषक. त्यासाठी संगणकाच्या भाषेइतकीच तलाठ्याची आणि खातेदाराची भाषाही अवगत असावी लागते. विषय इंग्रजीतून शिकलेला असला, तरी उत्तरे मराठीत, हिंदीत, कानडीत किंवा कोकणीत मिळणार असतात.

या साऱ्याला आज एक नवे निमित्त मिळाले आहे. २०२२ नंतर, साध्या भाषेत सांगितले असता आज्ञावली लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. त्यामुळे मुलांचे पालक चिंतेत पडले आहेत : यंत्रच जर लिहू लागले, तर हा अभ्यास करून मुलांनी काय मिळवावे? चिंता अनाठायी नाही. केवळ लेखनाचे कसब शिकून पदवी घेणाऱ्याचे दिवस अवघड होणार, हे उघड आहे. पण यंत्राला सांगावयाचे काय, हे कोणीतरी ठरवलेच पाहिजे. लंडनमध्ये गाड्यांचे स्थान सदैव अचूक कळेल हे गृहीतच चुकलेले होते. ती आज्ञावली माणसाने लिहिली काय किंवा यंत्राने लिहिली काय, रुग्णवाहिका उशिराच पोहोचली असती. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय यंत्राने लिहिलेले तपासण्याची जबाबदारीही उरतेच, आणि लिहिणे जितके स्वस्त होईल तितके तपासणे मोलाचे होईल.

म्हणून विद्यापीठांनी या विषयांकडे परीक्षेपुरते चार आकृत्यांचे पाठांतर म्हणून पाहू नये. अनेक ठिकाणी प्रणाली-विश्लेषणाचा तास रुक्ष म्हणून ओळखला जातो आणि प्रकल्प-अहवाल गेल्या वर्षीच्या अहवालावरून उतरवला जातो. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. विद्यार्थ्याला एक सत्रभर एखाद्या सहकारी पतपेढीत, आरोग्यकेंद्रात किंवा बाजार समितीत बसवावे. तेथील माणसांशी बोलून, त्यांचे काम लिहून काढून, ते त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेण्यास सांगावे. आणि जी लहानशी व्यवस्था तो तयार करील, ती वर्षभराने चालते आहे की बंद पडली आहे, हे पाहून त्याला गुण द्यावेत. अशा शिक्षणातून निघालेल्या पदवीधराला संगणकाच्या भाषा आयुष्यात चार-पाच वेळा बदलाव्या लागल्या, तरी भय वाटणार नाही. खिडकीपलीकडे ताटकळत उभा असलेला माणूस कशासाठी आला आहे, हे त्याने एकदा नीट समजून घेतलेले असेल.